पुढचं डावं चाक

माझ्या गाडीची तीन चाकं चंदेरी होती आणि एक काळं. काळं म्हणजे स्टेपनी. अकरा महिने ती पुढच्या डाव्या बाजूला होती. स्टेपनी तात्पुरती असते हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. चाकावरच पिवळी पट्टी होती: ऐंशीच्या पुढे जाऊ नका, मूळ चाक लवकरात लवकर बसवून घ्या. ऐंशीच्या पुढे मी कधी गेले नाही. दुसरं वाक्य रोज वाचायचे आणि कामाला जायचे.

सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला एखादा स्कूटरवाला काच वाजवून म्हणायचा, "मॅडम, तुमचं एक चाक वेगळं आहे." मी म्हणायचे, "हो का?" आणि सिग्नल सुटला की निघायचे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर रोज सकाळी त्या चाकासमोर उभे राहून मान हलवायचे, जणू काही चाकाने त्यांच्या हातात कोरा पेपर दिला होता. फुकटचा सल्ला द्यायला लोकांना फार आवडतं. मला राग यायला हवा होता. तोही येत नव्हता.

मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा करते, मेणात दात लावते आणि मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते. बावीस वर्षं हेच. माझ्या टेबलावर कायम दहा-बारा जबडे उघडे पडलेले असतात आणि त्यातला एकही बोलत नाही, हे या नोकरीतलं सुख. नवरा म्हणायचा, "लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. हिचं दात करून भरतं." हा विनोद त्याने निदान दोनशे माणसांना ऐकवला असेल. दरवेळी स्वतःच आधी हसायचा.

तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी कामावर गेले. लोकांना ते आवडलं नाही. मी रडले नाही, तेही आवडलं नाही. नणंद माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मोकळी हो गं. आत साठवून ठेवू नकोस." आत काही साठलेलं असतं तर गोष्ट वेगळी. दातांच्या डॉक्टरने भूल दिली की गाल जागेवर असतो, पण आपला नसतो. आपण तो चावत बसतो आणि नंतर आरशात रक्त दिसतं. माझं तसं झालं होतं, आणि फक्त गालापुरतं नाही.

आता चाकाचं सांगते.

नवरा वजनकाटे तपासायचा. दुकानं, गोदामं, कारखाने, जिथे म्हणून काटा आहे तिथे जायचं आणि तो खरं बोलतो की नाही ते बघायचं. त्यासाठी याच गाडीच्या डिकीत वीस-वीस किलोची आठ लोखंडी वजनं असायची. त्याचं म्हणणं असं की आधीच एवढं ओझं, त्यात स्टेपनी आणि जॅक कशाला वाहायचा? मदतीच्या व्हॅनचा नंबर काचेवर चिकटवलाय, फोन केला की माणूस येतो. "स्टेपनी म्हणजे भित्र्या माणसाची खोड," तो म्हणायचा. माझं म्हणणं, माणूस येईल तेव्हा येईल, तोवर रस्त्यात उभं राहून काय गाणी म्हणायची?

एका रविवारी त्याने स्टेपनी काढून गच्चीवर नेऊन ठेवली. मी म्हटलं, "परत ठेव." तो म्हणाला, "बरं."

हे "बरं" नीट समजून घ्यायला हवं. सव्वीस वर्षांच्या संसारात तो मला कधी नाही म्हणाला नाही. साखर कमी घे. बरं. छाती एकदा दाखवून ये. बरं. बहिणीला फोन कर. बरं. आणि मग स्वतःला हवं तेच. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. बरं म्हणणाऱ्याशी भांडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माहेरी मी तक्रार केली तर आईच म्हणायची, "अगं, किती गुणी आहे, शब्द खाली पडू देत नाही."

स्टेपनी तीन रविवार खालीवर झाली. तिसऱ्या वेळी मीच ती लिफ्टमधून खाली नेली, डिकीच्या तळाशी बसवली, शेजारी जॅक ठेवला. जॅक गाडीबरोबर आला तसाच होता, सीलबंद पिशवीत. वर फळी टाकली आणि फळीवर त्याची आठही वजनं एकेक करून मीच रचली. संध्याकाळी माझी कंबर धरली. त्याने डिकी उघडून पाहिली, हात जोडले आणि म्हणाला, "जिंकलीस." मी खूश झाले. अशा लढाया जिंकल्या की माणूस दोन दिवस उगाच ताठ चालतो.

त्यानंतर चारेक महिन्यांनी, दुपारी चार वाजता, त्याचा फोन आला. आम्ही त्या संध्याकाळी नवी गादी बघायला जाणार होतो. जुनी मधोमध खचली होती. दुकान सहाला बंद व्हायचं.

"अगं, पंक्चर झालीय," तो म्हणाला. "वळण रस्त्यावर आहे. व्हॅनला फोन केलाय, येतील ते."

माझ्या हातात मेणाची सुरी होती. ती खाली ठेवायचीही तसदी मी घेतली नाही. मी म्हटलं, "कशाला हवी व्हॅन? स्टेपनी ठेवून घेतली ना मी? आता कळलं कशाला ते?"

"तसं नाही. येतीलच ते."

"ते कधी येणार आणि तू कधी येणार? स्वतः बदल. वीस मिनिटांचं काम आहे."

तो म्हणाला, "बरं."

साडेपाचला दवाखान्यातून फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. हवालदाराने मला एक कागद दाखवला. व्हॅनवाल्याने लिहून दिलं होतं की तो पोचला तेव्हा चाक बदललेलं होतं आणि गाडीचे मालक सीटवर निपचित होते. खाली सही होती, ती वाचता येत नव्हती. डॉक्टर तरुण होती, तिने मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "झटका मोठा होता. पाच मिनिटांत संपलं. शेजारी कोणी असतं तरी काही करता आलं नसतं." मग तिने विचारलं, "त्यांनी आज काही जड उचललं होतं का?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

मला माहीत होतं. स्टेपनीवर फळी होती आणि फळीवर आठ वजनं. मी रचलेली. ती उतरवायची, स्टेपनी काढायची, चाक बदलायचं, पंक्चर चाक आत टाकायचं आणि आठही पुन्हा चढवायची. वीस मिनिटांचं काम, मी म्हणाले होते. सव्वीस वर्षांत त्याने माझं एकदाच ऐकलं होतं.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. वजनं त्याच्या कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली. त्यांनीच डिकी उघडली, त्यांनीच लावली. मी त्यानंतर ती उघडली नाही. घरातलं सामान मागच्या सीटवर, कवळ्यांचे डबे शेजारच्या सीटवर. चाक मात्र मी रोज बघायचे. चार नटांपैकी एक वेगळा होता, जरा लांबुडका. मूळचा नट त्याच्या हातून गवतात पडला असणार आणि त्याने खिशातून दुसरा काढला असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. त्याच्या खिशात कायम एखादा नट, एखादा स्क्रू असायचाच. गाडी पुसताना मी त्या नटावरून जास्त वेळ फडकं फिरवायचे. ते त्याने केलेलं शेवटचं काम होतं आणि ते मी त्याच्याकडून करून घेतलं होतं. ही दोन्ही कारणं एकत्रच होती. ते चाक मला निघायला नको होतं.

लेक दुसऱ्या गावी नोकरी करते. ती महिन्यातून दोनदा यायची आणि घरातली एकेक गोष्ट निकालात काढायची. बाबांचे कपडे झाले, बूट झाले, मग गाडीवर आली.

"आई, ही गाडी देऊन टाकू. नवी घेऊ. छोटी."

"बघू."

"नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर बुजवायची एक बाटली देतात आणि छोटा पंप. बाबा म्हणायचे ना, तसंच."

तिने मी घरी आणलेल्या कामातलं एक जबड्याचं माप टेबलावरून उचललं, वरचं-खालचं जुळवून पाहिलं आणि खाली ठेवलं. लहानपणी ती त्यांना बोलायला लावायची, आवाज काढून. मग तिने हळूच विचारलं, "आई, ते काळं चाक का काढत नाहीस? मला खरं सांग."

"वेळ नाही झाला," मी म्हटलं.

"अकरा महिने?"

"कामं असतात."

ती उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजाने रडणं लपत नाही, हे या वयाच्या मुलींना कोणी सांगत नाही. मी कवळीच्या पुढच्या सहा दातांची रांग सरळ करत होते. डावा सुळा जरा बाहेर येत होता. तो आत घेतला.

तिच्या समाधानासाठी मी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्री नवऱ्याच्या ओळखीचा. त्याने चाकासमोर उकिडवं बसून टायरवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं.

"वहिनी, तारा दिसायला लागल्या. हे आजच काढतो."

"आज नको."

"आज नको म्हणजे? जीव द्यायचाय का?"

तो बोलून गेला आणि मग ओशाळला. मी म्हटलं, "उद्या आणते." त्याने किल्ली माझ्या हातात देताना क्षणभर धरून ठेवली, मी ती ओढून घेतली. मला वाईट वाटलं नाही. जीव द्यायचाय का, याचं उत्तर काय आहे ते मी गाडी चालवताना शोधत होते आणि ते "नाही" असंच होतं. फक्त चाक निघायला नको होतं. एवढी साधी मागणी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका डॉक्टरांकडे दोन कवळ्या पोचवायच्या होत्या. रोपवाटिकेच्या लांब भिंतीपाशी गाडी डावीकडे ओढायला लागली, मग खाली बसली. फुटली वगैरे नाही. दमलेलं माणूस बसतं तशी बसली. मी उतरून बघितलं. टायर रिमखाली चपटा झाला होता.

काचेवरचा नंबर अजून होता. त्याने चिकटवलेला, तिरका. मी फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "स्टेपनी आहे का गाडीत?" मी म्हटलं, "स्टेपनीच पंक्चर झालीय."

व्हॅन अर्ध्या तासाने आली. व्हॅनवाला पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्यांना पट्टे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या नंबरकडे. बराच वेळ पाहिलं. मग हातातला कागद वाचला आणि पुन्हा नंबरकडे पाहिलं. मला वाटलं, भिंगं कमी पडत असतील.

त्याने रबरी चटई टाकली, गुडघे टेकले आणि चाकाला हात लावला.

"हे काढायचं नाही," मी म्हटलं. "हवा भरून द्या. पुढचं मी बघते."

"ताई, यात हवा राहणार नाही. तारा बाहेर आल्यात."

"मग टोचन करून न्या गाडी. पण चाक काढू नका."

"टोचन करायचं तरी चाक हवं ना. मूळ चाक डिकीत असेल. ते बघतो, ठोकठाक करून लावतो. दहा मिनिटं."

त्याने पाना उचलला. आणि मी त्याचा हात धरला. अनोळखी माणसाचा, ग्रीसने माखलेला हात. रस्त्यावर, दिवसाढवळ्या. लेकीला जे सांगितलं नाही, नणंदेला सांगितलं नाही, ते मी त्याला सांगितलं, कारण त्याच्या हातात पाना होता.

"माझ्या नवऱ्याने बसवलंय हे. मी सांगितलं म्हणून बसवलं. वजनं उतरवली, चाक बदललं, वजनं परत चढवली आणि सीटवर बसून गेला. त्याला तुमच्या व्हॅनची वाट बघायची होती. मी म्हटलं, स्वतः बदल. कळलं? म्हणून काढायचं नाही."

त्याने पाना खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "नाही ताई."

"नाही म्हणजे?"

"त्यांनी नाही बसवलं. मी बसवलं."

मी हात सोडला. त्याने त्या लांबुडक्या नटावर बोट ठेवलं. "हा माझ्या डब्यातला आहे. तुमचा एक गवतात गेला. शोधला, सापडला नाही." बोट तिथेच ठेवून तो बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. "मी आलो तेव्हा ते सीटवर होते. सीट मागे केलेली, डोळे मिटलेले. चारी दिवे चालू. आमचा नियम आहे, गाडी उचलायच्या आधी आतल्या माणसाला उतरवायचं. पण मला वाटलं, दमलेत. झोप लागलीय. उन्हातून आले असतील. कशाला उठवायचं? डिकीला कुलूप नव्हतं, म्हटलं काम करून टाकू आणि सहीला उठवू. ती लोखंडं काढली, चाक बदललं, लोखंडं ठेवली. मग काच वाजवली."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत व्हॅनवाला थांबला.

"मग मी घाबरलो. माणूस आत असताना गाडी उचलली म्हटलं तर नोकरी गेली असती. आणि वर, मी अर्धा तास शेजारी खडखडाट करतोय आणि बघितलं नाही. म्हणून लिहून दिलं, चाक बदललेलंच होतं. कोणी विचारलं नाही पुढे. मला काय माहीत, त्यावरून कोणाच्या डोक्यात काय बसेल."

"तुम्ही खोटं बोलताय," मी म्हटलं. "मला बरं वाटावं म्हणून."

"डिकी बघा."

मी डिकी उघडली. अकरा महिन्यांनी. आत लोखंडाचा वास अजून होता. त्याने फळी उचलली. खाली चंदेरी चाक होतं, त्यात एक स्क्रू रुतलेला. आणि शेजारी जॅक, सीलबंद पिशवीत, जसा मी ठेवला होता तसा. पिशवीवर धूळ होती. सीलला कोणी नखही लावलेलं नव्हतं.

"मी माझा जॅक वापरतो," व्हॅनवाला म्हणाला.

मी ती पिशवी हातात घेतली. जड होती. मी तिचं सील दोनदा तपासलं, दातांची फट तपासते तसं, नखाने.

"फोनवर ते म्हणाले होते," तो मागून म्हणाला, "हात भरून आलाय, मला बदलता येणार नाही, माणूस पाठवा. आमच्या फोनवरच्या मुलीने कागदावर लिहून दिलं होतं मला. हात दुखतो असं."

मला नाही सांगितलं. मला म्हणाला, तसं नाही. आणि मग म्हणाला, बरं. आणि सीट मागे केली आणि पडून राहिला, कारण त्याला व्हॅनचीच वाट बघायची होती.

मला त्या माणसाला बोलायचं होतं. अकरा महिने मी जे ओढलं ते याच्या एका सहीमुळे, आणि तेवढ्यासाठी पुरतील इतके शब्द माझ्याजवळ होते. तोंड उघडलंही होतं. पण तो चटईवर गुडघे टेकून बसला होता आणि पुढचं बोलला ते माझ्याशी नव्हतंच. "आधी काच वाजवली असती तर," तो म्हणाला. "अर्धा तास. मी रोज तेच मोजतो."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. फक्त शब्द वेगळे होते.

"पाच मिनिटांत संपलं होतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं. शेजारी कोणी असतं तरी काही करता आलं नसतं."

"खरंच म्हणाले?"

"म्हणाली. बाई होती. तरुण."

मला सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. त्याचा बसला की नाही कोण जाणे. त्याने मान हलवली आणि पाना उचलला, आणि या वेळी मी काही म्हटलं नाही. चारही नट सुटले. चाक निघालं. नुसतं चाक होतं ते, एका बाजूने झिजलेलं. त्याने डिकीतल्या चाकातला स्क्रू उपटला, भोक बुजवलं, हवा भरली, पाण्याने बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि ते बसवलं. तीन नट तुमचे, एक माझा, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

"स्टेपनी तुम्हाला नवीन घ्यावी लागेल. ही जुनी काय करू? डिकीत टाकू की नेऊ?"

"न्या."

"पण नवीन घ्या ताई. जॅक आहेच. आम्ही येईस्तोवर वेळ लागतो."

"बरं," मी म्हटलं.

त्याने काळं चाक व्हॅनमध्ये टाकलं, माझी सही घेतली. मी गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर कवळ्यांचे दोन डबे होते, डॉक्टर वाट बघत असणार. मी किल्ली फिरवली नाही.

त्याने ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षांत एकदा तरी ऐकलं, असं मी धरून चालले होते, त्यासाठी स्वतःला खुनी ठरवलं होतं, आणि त्याने तेही ऐकलं नव्हतं. बरं म्हणाला आणि स्वतःचंच केलं. शेवटच्या दिवशीसुद्धा. "निदान सांगायचं तरी," मी मोठ्याने म्हटलं. "हात दुखतोय म्हणून सांगायचं तरी होतंस, मी आले असते." मला हसू यायला लागलं. हसू छातीत आलं, तिथून गळ्यात, आणि गळ्यात आल्यावर ते हसू राहिलं नाही. भूल उतरते तेव्हा आधी गाल परत येत नाही, आधी दुखणं येतं. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. माझ्या आवाजाची मला ओळख पटत नव्हती.

किती वेळ गेला माहीत नाही. मग काच वाजली.

बाहेर व्हॅनवाला वाकून उभा होता. व्हॅन अजून मागेच होती, दिवे चालू. मी काच खाली केली. माझं तोंड ओलं होतं, नाक वाहत होतं. तो एक पाऊल मागे सरकला.

"तुम्ही हलत नव्हता," तो म्हणाला. "म्हणून."

"मी रडतेय," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.